मानवाच्या पहिल्या पावलांचा माग काढणाऱ्या मेरीबाई लीकी

मूल वर्षा-सव्वा वर्षाचे झाले, की भिंतीला धरून उभे राहू लागते. चार वेळा धपकन खाली बसते आणि एके दिवशी हात सोडून दोन पावले टाकते. घरात केवढा आनंद होतो! पण त्या दोन पावलांत केवढे नवल भरले आहे याचा विचार आपण सहसा करीत नाही. पाठीचा कणा ताठ ठेवून, एकामागून एक पाऊल टाकीत चालणे हीच ज्याची नित्याची रीत आहे, असा सस्तन प्राणी मनुष्यावाचून दुसरा नाही. माकड काही वेळ उभे राहते, अस्वलही राहते, परंतु लवकरच त्यांचे पुढचे पाय जमिनीला टेकतात.

ही चाल मनुष्याला केव्हा साधली? त्याची बुद्धी वाढली म्हणून तो उभा राहिला, की आधी उभा राहिला आणि बुद्धी मागाहून आली? या प्रश्नाने मोठमोठ्या पंडितांना शंभर वर्षे झुंजविले. त्याचे उत्तर मातीतून उकरून काढण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, त्या मेरी लीकी या बाईंचे चरित्र आपल्या मंडळाच्या भगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे. या बाई शिक्षणाची एकही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या नव्हत्या, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मेरीचा जन्म 6 फेब्रुवारी 1913 रोजी लंडन येथे झाला. वडील अर्स्किन निकोल हे चित्रकार. निसर्गचित्रे काढावीत, ती विकून प्रवासाला निघावे, असा त्यांचा क्रम होता. आई सेसिलिया ही फ्रिअर घराण्यातील. या घराण्याचे नाव मुंबईकरांना नवे नाही. 1862 ते 1867 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रिअर याच घराण्यातले. त्यांची कन्या मेरी फ्रिअर हिने आपल्या आयेच्या तोंडून ऐकलेल्या दख्खनी लोककथा लिहून काढून 1868 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या होत्या. या बार्टलसाहेबांचे आजोबा जॉन फ्रिअर यांनी 1797 मध्ये इंग्लंडातील हॉक्स्न या गावी विटांच्या मातीच्या खाणीत घडीव दगडी हत्यारे पाहिली आणि ती धातूचा उपयोग ठाऊक नसलेल्या फार प्राचीन लोकांची असावीत, असे विद्वानांना कळविले. त्या वेळी त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पणजोबा-खापरपणजोबांचा हा दगडांचा नाद पुढे मेरीच्या रूपाने या घराण्यात पुन्हा उगवला म्हणावयाचा.

वडिलांबरोबर हिंडताना मेरीचे बालपण बरेचसे दक्षिण फ्रान्समध्ये गेले. तो मुलूख आदिमानवाच्या गुहांचा. एका उत्खननात टाकून दिलेल्या मातीच्या ढिगाऱ्यातून दगडी पाती वेचण्याची परवानगी त्या छोट्या मुलीला मिळाली. घरी येऊन तिने ती आकारावारी लावून ठेवली. काब्रेरे गावच्या लेमोझी नावाच्या धर्मगुरूंनी तिला पेश मेर्ल येथील गुहेत नेऊन हजारो वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे दाखविली. चित्रकाराची मुलगी ती; आपल्या वडिलांसारखेच कोणी या अंधारात दिवा धरून घोडे रंगवीत होते, हे पाहून ती भारावून गेली.

हे सुख फार दिवस टिकले नाही. 1926 मध्ये वडील वारले. मेरी तेव्हा तेरा वर्षांची होती. आई तिला घेऊन लंडनला परतली आणि मुलीला वळण लागावे म्हणून तिने तिला जोगिणींच्या शाळेत घातले. मेरीचे तेथे मन रमेना. एका शाळेत तिने कविता म्हणून दाखविण्यास साफ नकार दिला, दुसरीत प्रयोगशाळेत स्फोट घडविला. दोन्ही शाळांनी तिला काढून टाकले. पुढे ऑक्सफर्ड येथे तिच्या प्रवेशाची चौकशी करण्यास आई गेली, तेव्हा प्रयत्न करण्यातही अर्थ नाही, असेच उत्तर मिळाले.

अशा मुलीचे काय व्हावयाचे, अशी चिंता कोणत्याही आईला वाटेल. पण मेरीपाशी दोन गोष्टी होत्या. एक, वडिलांकडून आलेला चित्रकलेचा हात. दुसरी, जुन्या वस्तूंचे वेड. लंडनमध्ये होणारी पुरातत्त्वाची व्याख्याने ती ऐकू लागली. त्यांत मॉर्टिमर व्हीलर यांचीही व्याख्याने होती. हेच व्हीलर पुढे 1944 मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होऊन आपल्याकडे आले. आपल्याला उत्खननावर काम द्यावे, म्हणून मेरीने अनेकांना पत्रे लिहिली. डोरोथी लिडल या बाईंनी तिला आपल्या हाताखाली घेतले. दगडी हत्यारांची तिने काढलेली चित्रे इतकी बिनचूक असत, की ती पाहून गर्ट्रूड कॅटन-थॉम्प्सन या विदुषींनी आपल्या इजिप्तवरील ग्रंथाची चित्रे तिच्यावर सोपविली. एका बाईने दुसरीचा हात धरून तिला वर घ्यावे, असा हा प्रकार झाला. विद्यापीठाचे दार बंद होते, पण पेन्सिलीने खिडकी उघडून दिली.

1933 मध्ये या कॅटन-थॉम्प्सनबाईंनीच मेरीची डॉ. लुई लीकी यांच्याशी ओळख करून दिली. लुई हे केनियात जन्मलेले, मिशनऱ्याचे पुत्र, केंब्रिजचे विद्वान. मानवाचा उगम आफ्रिकेत झाला, हे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांच्या पुस्तकासाठी मेरीने चित्रे काढली आणि त्यातून दोघांचे प्रेम जमले. लुई विवाहित होते. त्यांना एक लहान मुलगी होती आणि पत्नी फ्रिडा पुन्हा गरोदर होती. चरित्र लिहिताना चांगले तेवढे सांगावे अशी आपल्याकडे रीत आहे; तरीपण ही हकीकत झाकून ठेवणे योग्य नाही. दोन लेकरे पदरी असलेल्या फ्रिडाबाईंच्या वाट्याला जे आले त्याचे समर्थन कोणी करू नये. या प्रकरणामुळे केंब्रिजमध्ये पुढे येण्याची लुईंची वाट बंद झाली. फ्रिडाबाईंशी घटस्फोट झाल्यावर 24 डिसेंबर 1936 रोजी मेरी व लुई यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि नव्या वर्षाच्या आरंभी ती दोघे आफ्रिकेला निघून गेली.

आफ्रिकेची ओढ मेरीला त्याआधीच लागली होती. 1935 मध्ये तिने प्रथम ओल्डुवायची घळ पाहिली. आज टांझानिया म्हणतात त्या देशात, सेरेंगेटीच्या अफाट गवताळ मैदानाच्या कडेला जमीन दुभंगावी तशी ही घळ सुमारे तीस मैल पसरली आहे. पावसाळी ओढ्यांनी ती कापून काढल्यामुळे तिच्या कड्यांवर मातीचे आणि ज्वालामुखीच्या राखेचे थर चिरोट्याच्या पदरांसारखे एकावर एक दिसतात. सर्वांत खालचा पदर सर्वांत जुना. प्रत्येक पदरात त्या त्या काळची हाडे आणि हत्यारे निजलेली. माणूस मात्र सापडत नव्हता.

केनियात संसार मांडल्यावर मेरीबाईंनी ठिकठिकाणी उत्खनने चालविली. 1940 साली जोनाथन, 1944 साली रिचर्ड आणि 1949 साली फिलिप असे तीन मुलगे त्यांना झाले. 1943 मध्ये डेबोरा नावाची मुलगी झाली होती. ती आमांशाच्या आजाराने अवघ्या तीन महिन्यांची असताना दगावली. ते दुःख गिळून बाई पुन्हा कामाला लागल्या. मुले तंबूत, उत्खननाच्या कडेला, कुत्र्यांच्या पहाऱ्यात वाढली. डाल्मेशियन जातीची ठिपक्याठिपक्यांची ही कुत्री मेरीबाईंची फार लाडकी. साप किंवा सिंह जवळ आल्याची वर्दी तीच देत.

1948 मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातील रुसिंगा बेटावर मेरीबाईंना एका कड्यात दात चमकताना दिसला. सुमारे एक कोटी ऐंशी लक्ष वर्षांपूर्वीच्या ‘प्रोकॉन्सल’ या वानराची ती कवटी. ती पेटीत ठेवून, पेटी मांडीवर घेऊन बाई विमानाने इंग्लंडला गेल्या. ऑक्सफर्डच्या पंडितांना ती त्यांनी स्वतःच्या हाताने दिली. 1951 मध्ये कोंडोआ प्रांतातील खडकांवरच्या प्राचीन चित्रांच्या दीड हजारांहून अधिक आकृत्या त्यांनी एका हंगामात उतरवून घेतल्या. वडिलांची कला अशी फळाला आली.

मेरीबाईंच्या खोदकामाची रीत समजून घेतली, म्हणजे त्यांची थोरवी ध्यानात येते. त्यांच्याआधी पुष्कळ संशोधक चांगली कवटी किंवा सुबक हत्यार दिसले की उचलीत व पुढे जात. मेरीबाई जमिनीवर दोऱ्या ताणून, रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखे चौकोन आखीत. दात कोरण्याच्या सुया आणि मऊ ब्रश यांनी माती दूर करीत. प्रत्येक हाड, प्रत्येक दगडाची कपची जागच्या जागी ठेवून आधी नकाशावर घेत आणि मगच उचलीत. निघालेली माती चाळणीतून जाई आणि मग तांदूळ निवडावेत तशी बारकाईने निवडली जाई. कोणती कपची कोणत्या हाडाशेजारी पडली आहे यावरूनच तेथे कोणी काय केले ते कळते, हे त्यांनी ओळखले होते. लुई मोठे उत्साही, वक्तृत्वाने सभा जिंकणारे. शोध लागला की त्यांचा सिद्धांत तयार असे. बाई अबोल. मोजून झाल्याशिवाय त्या बोलत नसत. या कामात कांबा जमातीच्या आफ्रिकी सहकाऱ्यांनाही त्यांनी तयार केले. 1960 मध्ये ओल्डुवायला मजूर म्हणून आलेले कामोया किमेऊ पुढे जगप्रसिद्ध जीवाश्मशोधक झाले.

17 जुलै 1959 चा दिवस उजाडला. लुई तापाने तंबूत निजून होते. मेरीबाई दोन कुत्र्यांना घेऊन एकट्याच घळीत गेल्या. उतारावर एक हाडाचा तुकडा डोकावत होता. वाकून पाहतात तो कवटीचा भाग, आणि वरच्या जबड्यात दोन भल्यामोठ्या दाढा! बाई मोटार हाकीत तंबूकडे धावल्या आणि लुईंचा ताप कुठच्या कुठे पळाला. लुईंनी मात्र दाढा पाहिल्या आणि ते थोडे हिरमुसले. त्यांना हवा होता तो मानव हा नव्हे, हे त्यांनी ओळखले. पुढे कित्येक दिवस बाईंनी माती चाळून सुमारे चारशे तुकडे गोळा केले आणि एकाला एक जोडून कवटी उभी केली. तिला ‘झिंजअँथ्रोपस’ असे नाव मिळाले. आज शास्त्रज्ञ त्या जातीला ‘पॅरॅन्थ्रोपस बोइसेई’ म्हणतात.

ही कवटी म्हणजे देहाच्या जडणघडणीचा एक धडाच आहे. तिच्या दाढा आपल्या दाढांहून कितीतरी रुंद, वरचे कवच जाड. जबडा हलविणारे स्नायू इतके बळकट, की त्यांना धरण्यासाठी डोक्याच्या मधोमध हाडाचा उंच कंगोरा वाढलेला. गालाची हाडे पुढे सरकलेली. समोरचे दात आणि सुळे मात्र लहान. आधी लोकांना वाटले, की हा प्राणी कठीण कवचाची फळे फोडून खात असावा. अलीकडे दातांच्या रासायनिक परीक्षेवरून दिसून आले आहे, की त्याच्या आहारात गवत आणि लव्हाळे यांचाच भरणा मोठा होता. दिवसभर चघळत बसावयाचे, तर जात्यासारख्या दाढा हव्यातच. मेंदू मात्र जेमतेम पाचशे घनसेंटिमीटरचा. आपला सरासरी साडेतेराशेचा असतो.

कवटीचे वय काढण्याचे साधन ओल्डुवायच्या राखेतच होते. ज्वालामुखीच्या राखेत पोटॅशियम असते. त्याचा काही अंश ठराविक गतीने आर्गॉन वायूत पालटत जातो. साठलेला आर्गॉन मोजला, की राख कधी पडली ते समजते. 1961 मध्ये ही मोजणी झाली आणि वय निघाले साडेसतरा लक्ष वर्षे! त्याआधी विद्वान लोक मानवी वंशाचा एवढा काळ कल्पनेतही धरीत नसत.

1960 पासून त्याच घळीत थोरला मुलगा जोनाथन आणि इतर सहकारी यांना दुसऱ्याच जातीची हाडे मिळू लागली. हिच्या दाढा लहान आणि मेंदू थोडा मोठा होता. हाताची बोटे वस्तू नेमकी पकडण्यास योग्य होती आणि पायाला आपल्यासारखी कमान होती. 1964 मध्ये लुई लीकी, फिलिप टोबायस व जॉन नेपिअर यांनी तिला ‘होमो हॅबिलिस’, म्हणजे कुशल मानव असे नाव दिले. घळीतली दगडी हत्यारे मुख्यतः याच हातांनी घडविली असावीत, असे मत पडले. या हत्यारांचे वर्गीकरण मेरीबाईंनी केले. 1971 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ओल्डुवायवरील जाडजूड ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात.

घडीव दगडी हातकुऱ्हाडी केवळ आफ्रिकेतच मिळतात असे नव्हे. आपल्याकडे प्रवरेच्या काठी नेवासे येथे डॉ. सांकलियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1950 नंतरच्या दशकात, आणि जवळच चिरकी येथे गुद्रून कॉर्विनस या जर्मन विदुषींनी 1966 ते 1969 या काळात, अशीच प्राचीन हत्यारे शोधून काढली. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली त्या गावाच्या परिसरात त्याच्या लाखो वर्षे आधी कोणी दगड घडवीत बसले होते, हे ऐकून मन चकित होते. असो.

कीर्ती आली, पैशाची चणचण संपली, पण संसार विसकटला. लुई व्याख्यानांच्या निमित्ताने जगभर फिरत. त्यांच्या घाईच्या सिद्धांतांशी बाईंचे पटेना. हळूहळू त्या ओल्डुवायच्या छावणीतच कायमच्या राहू लागल्या. 1968 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी देऊ केली. त्या देशात वर्णभेदाचे कायदे होते, म्हणून बाईंनी ती नाकारली. जन्मात ज्यांना विद्यापीठात पाऊल ठेवू दिले गेले नाही, त्यांनी घरी चालून आलेली पदवी परत करावी, याला मोठे मन लागते. 1 ऑक्टोबर 1972 रोजी लुई लंडन येथे निवर्तले. बाई तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या होत्या.

आपल्याकडे या वयात बाईचे काम संपले असे समजतात. मेरीबाईंचे सर्वांत मोठे काम अजून व्हावयाचे होते.

ओल्डुवायच्या दक्षिणेस लाएटोली नावाचे ठिकाण आहे. 1974 पासून बाईंनी तेथे शोध आरंभिला. 1976 मध्ये काही पाहुणे शास्त्रज्ञ गंमत म्हणून एकमेकांना हत्तीच्या वाळलेल्या शेणाचे गोळे फेकून मारीत होते. चुकविण्याच्या नादात एकजण जमिनीवर आडवा झाला आणि त्याला दगडासारख्या घट्ट राखेत उमटलेले प्राण्यांचे माग दिसले. हत्ती, ससे, रानकोंबड्या, प्राचीन घोडे, सर्वांचे पाय तेथे उमटलेले होते. ज्वालामुखीची बारीक राख पडली, तिच्यावर हलका पाऊस झाला, त्या ओल्या गिलाव्यावरून प्राणी चालले, उन्हाने तो वाळला आणि वर पुन्हा राख पडून सर्व झाकले गेले. पावसाच्या थेंबांचे खळगेदेखील जसेच्या तसे राहिले होते.

1978 मध्ये तेथेच मनुष्यासारख्या टाचेचा ठसा मिळाला. बाईंनी आपल्या माणसांकरवी राखेचा वरचा थर तसूतसूने काढविला. सुमारे सत्तर पावलांची, सत्तावीस मीटर लांबीची वाट उलगडली. दोन रांगा शेजारीशेजारी चाललेल्या; एका रांगेतील ठशांवर मागून येणाऱ्या तिसऱ्याने पाय ठेवलेले असावेत. या वाटेचे वय छत्तीस लक्ष साठ हजार वर्षे!

गौरी आणताना आपण उंबरठ्यापासून देवघरापर्यंत हळदकुंकवाची पावले काढतो. टाच गोल, पुढे पाच बोटे, अंगठा बोटांच्या ओळीत. लाएटोलीच्या पावलांचे रूप नेमके हेच होते. वानराच्या पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला असतो, कारण त्याला फांदी पकडावयाची असते. या पावलांचा अंगठा इतर बोटांच्या जोडीला, पुढे वळलेला. आधी टाच टेकते, मग भार पुढे सरकतो आणि अंगठ्यावर जोर देऊन पाऊल उचलले जाते, हा आपल्याच चालण्याचा क्रम. हाताचे ठसे कोठेही नाहीत.

आता यातील मर्म पाहावे. बाईंच्या जन्माआधी दोन महिन्यांच्या आत, डिसेंबर 1912 मध्ये, इंग्लंडात ‘पिल्टडाउन’ची कवटी जाहीर झाली होती. मोठा मेंदू आणि वानराचा जबडा अशी ती होती. मानवाचे डोके आधी वाढले आणि बाकीचे शरीर मागाहून सुधारले, असे पंडितांनी तिच्या आधारे ठरवून टाकले. 1924 मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाँग येथे लहान मेंदूच्या, पण उभे चालणाऱ्या बालकाची कवटी मिळाली, तरी रेमंड डार्ट यांचे म्हणणे वीस-पंचवीस वर्षे कोणी मनावर घेतले नाही. शेवटी 1953 मध्ये पिल्टडाउनची कवटी बनावट ठरली. लाएटोलीच्या वाटेने तर वादाला जागाच ठेवली नाही. त्या काळच्या प्राण्यांचा मेंदू आपल्या मेंदूच्या एक तृतीयांश होता. आजवर सापडलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारे केनियातील लोमेक्वी येथील असून तीही तेहतीस लक्ष वर्षांची, म्हणजे या वाटेहून अलीकडची. तेव्हा आधी पाय सरळ झाले, त्यामुळे हात मोकळे झाले, मग हातात दगड आला आणि डोके वाढले ते पुष्कळ मागाहून.

या चालीसाठी शरीराला पुष्कळ फेरफार करावे लागले. कण्याला बाक आला, मांडीचे हाड गुडघ्यापाशी आत वळले, कवटी मानेवर तोलून राहावी म्हणून तिचे खालचे छिद्र पुढे सरकले आणि ओटीपोटाची हाडे आखूड व पसरट होऊन परडीसारखी झाली. त्याची किंमत मात्र बायकांनी मोजली. चालण्यासाठी घडलेल्या या हाडांच्या कड्यातून पुढील काळात मोठ्या डोक्याचे मूल बाहेर यावयाचे, म्हणून मनुष्याचे बाळंतपण इतर प्राण्यांहून कठीण झाले, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. पायाने आईला धरून लोंबकळणे बाळाला जमेना, त्याला उचलून घ्यावे लागले. बाळंतिणीपाशी दुसरी जाणती बाई असणे, मूल कडेवर घेणे, शेजारणीने क्षणभर सांभाळणे, या आपल्या नित्याच्या गोष्टींचे मूळ इतके खोल आहे.

याच सुमारास बाईंना एका कडव्या वादाला तोंड द्यावे लागले. अमेरिकन संशोधक डोनाल्ड जोहान्सन यांनी इथिओपियात मिळालेली ‘लूसी’ आणि लाएटोलीचे जबडे एकत्र करून 1978 मध्ये ‘ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस’ ही नवी जात जाहीर केली आणि नमुना म्हणून बाईंनी अभ्यासिलेला लाएटोलीचा जबडा धरला. बाईंना ही घाई पटली नाही. निबंधावर सहलेखिका म्हणून छापलेले आपले नाव त्यांनी काढून घेतले. आपले जबडे खऱ्या मानवाच्या शाखेचे आहेत, असे त्यांचे मत होते. पुढे बहुतेक शास्त्रज्ञांनी जोहान्सन यांचेच नाव स्वीकारले. पावलेही त्याच जातीची समजली जातात. बाईंचे मत मागे पडले, पण त्यांची मोजमापे आणि नोंदी यांना धक्का लागला नाही. 1976 मध्ये तेथे मिळालेले काही निराळे ठसे अस्वलाचे असावेत, असे पुष्कळांना वाटे. ते पुन्हा उघडून तपासल्यावर 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी ते दोन पायांवर चालणाऱ्या दुसऱ्याच एका मानवसदृश जातीचे असल्याचे मत मांडले. जेथले ते तेथे राखून ठेवले, म्हणून चाळीस वर्षांनी त्यांना विचारता आले.

ती मानवी वाट बाईंनी 1979 मध्ये वाळू आणि दगड घालून पुन्हा झाकली. उघडी ठेवून नाव मिळविण्यापेक्षा झाकून टिकविणे त्यांना महत्त्वाचे वाटले. पुढे त्या वाळूत बाभळी रुजल्या आणि मुळांनी ठशांना धोका पोहोचू लागला, तेव्हा 1990 नंतरच्या दशकात टांझानिया सरकार आणि अमेरिकेतील गेटी संस्था यांनी मिळून ती नीट दुरुस्त करून पुन्हा मातीआड सुरक्षित केली.

1981 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने मेरीबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आईला परत पाठविणारे तेच हे विद्यापीठ. पुढच्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. ओल्डुवायची छावणी सोडून त्या नैरोबीस आल्या, आणि तेथेही लेखन करीत राहिल्या. दुसरा मुलगा रिचर्ड आणि सून मीव्ह यांनी हेच कार्य पुढे चालवून मोठे नाव मिळविले. 9 डिसेंबर 1996 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, नैरोबी येथे मेरीबाईंचे देहावसान झाले.

मेरीबाईंचे सगळेच वागणे अनुकरणीय होते असे कोणी म्हणणार नाही. त्या फटकळ होत्या, सिगार ओढीत, माणसांपेक्षा कुत्र्यांत अधिक रमत. परंतु समोर जे आहे ते नीट पाहावे, मोजावे, लिहून ठेवावे, आणि जेवढे दिसले त्याहून अधिक बोलू नये, हे व्रत त्यांनी साठ वर्षे पाळले. निवडणे, चाळणे, मांडून ठेवणे, ही कामे घरोघरच्या बायका रोज करतात आणि त्यांना कोणी विद्या म्हणत नाही. त्याच कामांच्या बळावर एका बिनपदवीच्या बाईने मनुष्यजातीच्या जन्मकथेतील एक मोठे पान वाचून दाखविले. आपल्या मंडळातील ज्या भगिनींचे शिक्षण काही कारणाने अर्ध्यावर राहिले असेल, त्यांनी हे चरित्र अवश्य ध्यानात ठेवावे आणि आपल्या मुलींना सांगावे.